गंगेवरचा बाजार, निफाडकडचं पाणी

धनत्रयोदशीच्या आधीचे चार-पाच दिवस नाशिकच्या भांडी बाजारात पाय ठेवायला जागा नसते. दुकानांच्या पायऱ्यांवर घंगाळं उपडी घातलेली, दारात समयांच्या रांगा, छताच्या आकड्यांना लटकलेल्या कळश्या आणि बंब. निफाड, येवला, दिंडोरी, सिन्नर अशा सगळ्या तालुक्यांतल्या बायका हातात कापडी पिशवी घेऊन येतात. पिशवीत असतो आजेसासूच्या वेळचा चेपलेला तांब्या, नाहीतर चिरलेली परात. ती मोड आधी तराजूत जाते, मग नवीन भांड्याचं वजन होतं, मजुरीवरून घासाघीस होते, आणि नवा गडू घेऊन बाई गर्दीतून थेट खाली उतरते. कारण दहा मिनिटांवर गंगा आहे. गडू गंगेत बुडवून, पाण्याने भरून, मगच घरी न्यायचा.

नाशिकची माणसं गोदावरीला गंगाच म्हणतात आणि घाटाला गंगाघाट. आम्ही लासलगावकरही तसंच म्हणतो. दिवाळीत बाजार समितीचे कांद्याचे लिलाव बंद असतात, ट्रॅक्टरांच्या रांगा नसतात, हिशेब मिटलेले असतात. वर्षातला हाच काळ मोकळा. मग रेल्वेने नाशिकरोड, तिथून शालीमार, शालीमारहून मेनरोडने चालत सराफ बाजार, भांडी बाजार आणि घाट. खरेदी, देवदर्शन, खाणं, पाय दुखेपर्यंत फिरणं, सगळं एका दिवसात.

गेली काही वर्षं या घाटाबद्दल नवीन भाषेत बोललं जातं. स्मार्ट सिटीचा गोदा प्रकल्प, नमामि गोदा, रामकुंड ते काळाराम आणि सीतागुंफा या परिसरासाठीचा रामकाल पथ. या शेवटच्या कामाला केंद्राने सुमारे ९९ कोटी रुपये मंजूर केले आहेत. २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे. चित्रांमध्ये दगडी पदपथ दिसतो, दिव्यांच्या माळा दिसतात, बसायला ओटे, खाण्याची दुकानं, हस्तकलेची दालनं. नदीकाठी खावं, खरेदी करावी, चालावं, यात वावगं काहीच नाही. मला ते मनापासून हवं आहे. पण हे सगळं गंगाघाटावर कित्येक पिढ्या चालू आहे, आणि ज्यांनी ते चालवलं त्यांना नदीबद्दल काही गोष्टी पक्क्या माहीत होत्या. नवीन काम सुरू करणाऱ्यांनी त्या आधी शिकून घ्याव्यात, असं मला वाटतं. शिवाय घाटावर जे होतं ते घाटावर थांबत नाही. ते आमच्या तालुक्यात येतं.

ब्रह्मगिरीवर उगम पावून राजमहेंद्रीपर्यंत आणि पुढे समुद्रापर्यंत १४६५ किलोमीटर जाणाऱ्या या नदीचं पहिलं मोठं शहर नाशिक. शहराच्या वर गंगापूर धरण आहे, १९६५ मध्ये पूर्ण झालेलं मातीचं धरण. तिथून सोमेश्वर, आनंदवली, रामवाडी असं करत नदी अहिल्याबाई होळकर पुलाखालून येते. हा पूल पूर्वी व्हिक्टोरिया पूल होता. पुलाच्या टोकाला सुंदरनारायणाचं देऊळ. तिथून पुढे रामकुंड, आणि रामकुंडापाशी पूर्वेला चाललेली नदी दक्षिणेकडे वळते. या वळणामुळेच इथे अस्थिविसर्जनाला आणि पिंडदानाला देशभरातून लोक येतात. इंग्लंडला निघालेले कपूरथळ्याचे राजे रणधीरसिंह १८७० मध्ये एडनजवळ वारले. त्यांचं स्मारकही याच घाटावर आहे. लग्नाच्या खरेदीला आलेलं कुटुंब आणि मुंडण करून आलेलं कुटुंब इथे एकाच टपरीवर चहा पितात. गंगाघाटाचा बाजार मुळात उभा राहिला तो या येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या गरजांवर. पत्रावळी, दर्भ, काळे तीळ, पितळी पळी-पंचपात्र, झाळून बंद केलेले गंगाजलाचे तांब्याचे गडू, रुद्राक्ष, कुंकू, बांगड्या. त्यांच्या मागोमाग खाणावळी आणि धर्मशाळा. गाडगे महाराजांची धर्मशाळा आजही घाटाजवळ उभी आहे, आणि खालचा पूल त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

बुधवारी घाटाचं रूप वेगळं असतं. त्या दिवशी आठवडे बाजार भरतो आणि गंगेच्या कडेच्या मोकळ्या जागेवर ताडपत्र्या पसरतात. भाज्या, मिरच्यांचे ढीग, लसूण, सुकं खोबरं, विळे-कोयते, दोरखंड, पाटे-वरवंटे, स्वस्तातले कपडे. पेठ-हरसूलकडच्या बाया रानभाज्या आणि कंद घेऊन बसतात; पावसाळ्याच्या सुरुवातीला इथली भाजी इतर कुठल्या मंडईत दिसत नाही. आमच्या भागातला कांदाही असतोच, लासलगावात क्विंटलवर बोली लागलेला आणि इथे किलोच्या मापाने विकला जाणारा. हा बाजार मला नेहमी घाटाची खरी परीक्षा वाटत आला आहे. त्याला भिंत नाही, छप्पर नाही, शटर नाही. संध्याकाळी ताडपत्री गुंडाळली की जागा पुन्हा नदीची.

खाण्याविषयी सांगायचं तर पानं भरतील. जुन्या नाशकात सकाळ मिसळीने सुरू होते आणि मिसळीच्या शेजारी जिलबी चालते. बुधा हलवाईची जिलबी, सायंताराचा साबुदाणा वडा, कोंडाजीचा चिवडा ही नावं आमच्याकडे पाहुण्यांच्या तोंडीसुद्धा असतात. नाशिकहून परतणाऱ्याच्या पिशवीत चिवड्याचा पुडा नसला तर घरचे विचारतात. पंचवटी कारंजावर मिसळीसाठी वेगळी गर्दी. संध्याकाळी मात्र घाटावरच बसावं. भेळ, भाजलेलं कणीस, उकडलेल्या शेंगा, बर्फाचा गोळा. गांधी तलावात होड्या फिरत असतात, पोरं आईबापांकडे हट्ट धरतात, पलीकडे गोदेची आरती सुरू होते. खाणं हातात, बसायला दगडी पायरी, समोर पाणी. यासाठी कुणी टेबल-खुर्च्या मांडल्या नाहीत आणि कुणी जागेचं भाडं मागितलं नाही. गरिबातला गरीब माणूस दहा-वीस रुपयांत इथे तासभर बसू शकतो. नव्या पदपथावर हे टिकलं पाहिजे. ज्या घाटावर बसायला आधी काहीतरी विकत घ्यावं लागतं तो घाट नाशिकचा उरणार नाही.

यशवंतराव महाराज पटांगणाची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. बागलाणचे मामलेदार यशवंतराव महादेव भोसेकर. १८७०-७१ च्या दुष्काळात त्यांनी सरकारी खजिना उघडून लोकांना वाटला, आणि लोकांनी त्यांना देव मामलेदार केलं. शेवटी ते नाशकात राहिले, १८८७ मध्ये वारले आणि गंगेच्या काठी त्यांचं देऊळ झालं. त्या देवळापुढच्या पटांगणात दर उन्हाळ्यात वसंत व्याख्यानमाला भरते. महिनाभर रोज संध्याकाळी एक वक्ता, समोर सतरंज्या, खुर्च्या, आणि ज्याला यायचं त्याला मोकळं आवार. घाटावर माणूस खातो, विकत घेतो, आणि मोठमोठे विचारही ऐकतो. पलीकडे थोड्याच अंतरावर काळारामाचं मंदिर आहे. तिथे २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू केला आणि दादासाहेब गायकवाडांनी तो पुढे वर्षानुवर्षं लावून धरला. या परिसरात पर्यटकांसाठी जो कोणता मार्ग आखला जाईल, त्यावर रामायणातल्या खुणांबरोबर हा सत्याग्रहही ठळकपणे आला पाहिजे. गंगेवर कुणाला येता येईल आणि कुणाला नाही, हा प्रश्न इथे रक्त आटवून सोडवला गेला आहे.

आता पुराकडे येतो. गंगाघाट समजून घ्यायचा तर तो पुरातच समजतो.

नदीच्या पात्रात दुतोंड्या मारुती उभा आहे. पुढे एक तोंड, मागे एक तोंड. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की साऱ्या जिल्ह्यात एकच विचारणा होते, "दुतोंड्याच्या कुठवर आलंय?" घोट्याला, गुडघ्याला, कमरेला, छातीला, गळ्याला. धरणातून किती हजार क्युसेक सोडले हा आकडा पाटबंधारे खात्याचा. लोकांना मारुतीच्या अंगावरचं माप कळतं. गळ्याशी पाणी आलं की भांडी बाजारातले व्यापारी माल वरच्या मजल्यावर नेऊ लागतात. डोक्यावरून गेलं की सराफ बाजारात दुकानं रिकामी झालेली असतात. सराफ बाजाराला दुसरीही भीती असते. दहीपुलाखालून येणारा सरस्वती नाला. मुसळधार पाऊस झाला की नाल्याचं पाणी गंगेत जायला वाट मागतं, गंगा भरलेली असली की वाट मिळत नाही, आणि ते सोन्याच्या दुकानांत शिरतं.

मारुतीच्या समोर, पंचवटीच्या बाजूला नारोशंकराचं देऊळ आहे. १७४७ मध्ये नारोशंकर राजेबहाद्दरांनी बांधलेलं. देवळाच्या कोटाच्या भिंतीत एक भलीमोठी घंटा टांगलेली आहे. तिच्यावर १७२१ साल आहे. चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगिजांकडून वसई जिंकली तेव्हाच्या विजयाची ही खूण. पाणी घंटेपर्यंत पोचलं म्हणजे महापूर, असं जुनी माणसं सांगतात. १९६९ चा सप्टेंबर, २००८ चा सप्टेंबर, २०१६ आणि २०१९ चा ऑगस्ट ही सालं घाटावरच्या माणसांच्या तोंडी घरातल्या लग्नांच्या सालांसारखी असतात. १९६९ चा पूर सगळ्यांत मोठा. तो पाहिलेले दुकानदार आता थोडे उरले आहेत, पण दुकानाच्या भिंतीवर हात उंच करून पाणी कुठवर होतं ते त्यांची मुलं दाखवतात.

घाटाची जुनी बांधणी नीट बघितली तर तिच्यात हे पाणी धरलेलं दिसतं. देवळांचे चौथरे जाड, भिंती काळ्या दगडाच्या, पाणी वाहून जायला अडसर कमी. पायऱ्यांवर गाळ बसला तर दोन दिवसांत झाडून धुता येतो. पटांगणं मोकळी. रोकडोबा पटांगण, म्हसोबा पटांगण, गौरी पटांगण ही नावं नुसती ठिकाणांची नाहीत. नदीला पसरायला ठेवलेल्या या जागा आहेत. जे पक्कं आहे ते दगडाचं आणि पूर सोसणारं, जे बाकीचं आहे ते दोन तासांत उचलता येणारं. महापालिकेचा भोंगा वाजला, ध्वनिक्षेपकावर सूचना फिरू लागल्या की फुलवाले, भेळवाले, पूजासाहित्यवाले हातगाड्या आणि टपऱ्या वर ओढतात. वर्षानुवर्षांचा हा सराव आहे. ज्यांना तो नाही, त्यांच्या पटांगणात लावून ठेवलेल्या गाड्या दर पुरात तरंगताना दिसतात.

२००८ च्या पुरानंतर नाशकात पूररेषा आखल्या गेल्या. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकाम करायचं नाही असा नियम. जुन्या नाशकातले शेकडो वाडे आणि दुकानं या रेषांच्या आत आली आणि त्यांच्या मालकांची मोठी अडचण झाली. पडका वाडा पुन्हा बांधता येईना. त्यांचं दुःख खरं आहे. पण रेषा खोटी नाही. काठावर नवं काही उभारताना जर याच रेषा वाकवल्या, तर वाड्यांच्या मालकांवर दुहेरी अन्याय होईल आणि नदी दोघांनाही सोडणार नाही.

याचा धडा शहराला वरच्या अंगाला मिळालेला आहे. आनंदवलीपासून रामवाडीच्या दिशेने गोदापार्क झाला. सकाळी चालायला जाणाऱ्यांसाठी पायवाट, झाडं, बाकडी. जागा सुंदर. मी तिथे चाललो आहे. पहाटे पाण्यावर धुकं असतं, पलीकडच्या काठावरून मोरांचा आवाज येतो. पुढे त्याचा विस्तार झाला, हिरवळ आली, दिवे आले, फरशी आली. आणि ऑगस्ट २०१६ च्या पुराने त्याची मोडतोड केली. फरश्या उखडल्या, हिरवळीवर गाळ, दिव्यांचे खांब आडवे. त्याच पुरात रामकुंडाच्या दगडी पायऱ्या जिथल्या तिथे राहिल्या. जो धडा दगडाने शिकवला तो काँक्रीट आणि फरशीने विसरू नये.

जगात नदीकाठच्या बाजाराचं उदाहरण म्हणून अमेरिकेतल्या सॅन अँटोनिओ शहराच्या रिव्हर वॉकचं नाव घेतलं जातं. पाण्याच्या अगदी कडेला टेबलं, छत्र्या, दुकानं, पायवाट. ते कसं जमलं ते पाहिलं पाहिजे. १९२१ मध्ये तिथे मोठा पूर आला, पन्नासच्या आसपास माणसं गेली. शहराने आधी वर धरण बांधलं, मग नदीच्या शहरातल्या वळणाला टाळून जाणारा सरळ कालवा काढला आणि वळणाच्या तोंडाला दरवाजे बसवले. रॉबर्ट हगमन या वास्तुविशारदाने १९२९ मध्ये मांडलेली कल्पना या दरवाज्यांच्या आतल्या शांत वळणावर १९४१ पर्यंत उभी राहिली. म्हणजे खुर्च्या नदीच्या काठी दिसत असल्या तरी पूर त्यांच्याकडे येतच नाही. तो बाजूच्या कालव्याने जातो. अहमदाबादेत साबरमतीचं पात्र दोन्ही बाजूंनी भिंती घालून एकसारखं २६३ मीटर रुंद केलं आणि त्यात नर्मदेचं पाणी आणून भरलं. गोदावरीच्या नाशकातल्या पात्राला यातलं काहीच लागू पडत नाही. इथे पात्र अरुंद, बाजार दाट, काठावर अडीचशे वर्षांची देवळं, आणि पुराला जायला दुसरी वाट नाही. त्या शहरांची चित्रं आणून इथे चिकटवता येणार नाहीत.

पुराइतकाच कोरडेपणाचाही विचार करायला हवा. २०१६ हे साल त्यासाठी लक्षात ठेवावं. त्या वर्षी एप्रिलमध्ये रामकुंड कोरडं पडलं. गुढीपाडव्याच्या सुमाराला भाविकांसाठी टँकरने पाणी आणून टाकावं लागलं. आणि चार महिन्यांत, ऑगस्टमध्ये, दुतोंड्या मारुती बुडाला. दुष्काळ धरणाच्या वरच्या भागात पडला होता, हे खरं. पण घाटावरचे जाणते आणखी एक कारण दाखवतात. रामकुंडाच्या परिसरात सतरा कुंडं होती. लक्ष्मण, धनुष, सीता, दशाश्वमेध, रामगया, पेशवे, खंडोबा, मुक्तेश्वर आणि आणखी कितीतरी. त्यांच्या तळाला जिवंत झरे होते. २००३ च्या सिंहस्थाच्या तयारीत नदीच्या तळाला काँक्रीट घातलं गेलं, कुंडं त्याखाली गेली आणि झऱ्यांची तोंडं बंद झाली. गोदाप्रेमी नागरिकांनी जुने नकाशे आणि गॅझेटियर काढून हे सिद्ध करायला वर्षं घालवली, उच्च न्यायालयात गेले, आणि शेवटी काही कुंडांवरचं काँक्रीट काढण्याचं काम सुरू झालं. काँक्रीट फुटल्यावर पाणी वर आल्याचं पाहणाऱ्यांचा आनंद मी ऐकला आहे. सगळी कुंडं मोकळी होणं हे माझ्या मते कुठल्याही पदपथाच्या आधीचं काम. झरे चालले तर उन्हाळ्यात घाटाला पाणी राहील, आणि पाणी राहिलं तरच काठाला बसण्यात अर्थ.

घाटावरून खाली चालत जावं. गाडगे महाराज पूल, पुढे टाळकुटेश्वर, मग तपोवन. इथे कपिलेचा संगम. तपोवनात साधुग्रामासाठी झाडं तोडण्याचा प्रस्ताव आला तेव्हा २०२५ च्या अखेरीला नाशिककर रस्त्यावर उतरले होते. झाडांना मिठ्या मारणारी शाळकरी पोरं आणि पेन्शनर माणसं एकत्र पाहून बरं वाटलं. नदीकाठची सावली ही खाण्या-फिरण्याच्या कुठल्याही सोयीपेक्षा मोठी सोय आहे, हे त्या लोकांनी शहराला सांगितलं.

पण तपोवनाच्या पुढे पर्यटकांचे नकाशे संपतात. नदी मात्र चालू राहते. नासर्डी मिळते, नाले मिळतात, मलनिस्सारण केंद्रांतून निघणारं पाणी मिळतं. दसक-पंचकपाशी महापालिकेची हद्द सरते. मग ओढा, मग आमचा निफाड तालुका. चांदोरी आणि सायखेडा ही समोरासमोरची दोन गावं, मधे पूल. पाणी उतरलं की चांदोरीच्या पात्रातली जुनी दगडी देवळं उघडी पडतात. ती बघायला हौशी माणसं येतात. पूर आला की हीच दोन गावं पहिल्यांदा पाण्यात जातात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये इथून माणसं बोटींनी बाहेर काढावी लागली.

सायखेड्याच्या पुलावर उभं राहून पाहिलं तर पानवेलीचा हिरवा गालिचा दिसतो. लांबून कुणाला तो शेतच वाटेल. ही वनस्पती शहराच्या सांडपाण्यातल्या नत्र आणि स्फुरदावर पोसते. उन्हाळ्यात डोहांत वाढते, पावसाळ्यात पहिल्या लोंढ्याबरोबर वाहत येते आणि पुलाच्या खांबांना येऊन अडकते. थरावर थर. पुलाची मोरी बुजते, पाणी मागे फुगतं आणि गावात शिरतं. मग जेसीबी मागवायचं, पोकलेनने वेली उपसायच्या, काठावर कुजत टाकायच्या. दर वर्षी. नाशिकच्या घाटावर एखाद्या खाण्याच्या दुकानाचं गाळणी न लावलेलं मोरीचं पाणी गंगेत जातं तेव्हा त्याचा हिशेब इथे मांडला जातो.

पुढे दारणा मिळते, दारणासांगवीला. त्यानंतर नांदूर मध्यमेश्वर. गोदावरी आणि कादवेच्या संगमावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंधारा बांधला गेला. त्यातून डावा आणि उजवा असे गोदावरीचे दोन कालवे निघाले आणि कोपरगाव-राहात्यापर्यंतची ऊसशेती त्यांवर उभी राहिली. शंभर वर्षांत बंधाऱ्यामागे गाळ साठत गेला. गाळाची बेटं झाली, उथळ पाणथळ झाली, पाणगवत वाढलं, आणि पक्षी आले. बंधाऱ्याच्या दृष्टीने जो दोष तो पक्ष्यांसाठी वरदान ठरला. डॉ. सलीम अली इथे आले तेव्हा त्यांनी या जागेला महाराष्ट्राचं भरतपूर म्हटल्याचं सांगतात. १९८६ मध्ये अभयारण्य जाहीर झालं आणि जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून त्याची नोंद झाली.

दिवाळी झाली की इथे यावं. चापडगावला वनखात्याचे मनोरे आहेत, गावातली तरुण मुलं दुर्बिणी घेऊन वाट दाखवतात. तलवार बदकं, थापट्या, चक्रवाक, वारकरी. किनाऱ्याच्या चिखलात चमचे आणि रंगीत करकोचे. गवतात जांभळ्या पाणकोंबड्या. यांतली उत्तरेच्या थंडीतून आलेली पाखरं मार्चपर्यंत असतात. आमच्या भागातला हा खरा नदीकाठचा फिरण्याचा रस्ता. इथे खायला शेताच्या कडेला बसून भाकरी, ठेचा, पातीचा कांदा, थंडीत हुरडा. काही बायकांनी पर्यटकांना जेवण करून द्यायला सुरुवात केली आहे. त्यांना पाणी, स्वच्छतागृह आणि बसायची सावली एवढी मदत मिळाली तर या काठावर चार घरं चालतील, आणि त्यासाठी एक फरशीही बसवावी लागणार नाही. अडचण पानवेलीचीच. तिने पाण्याचा पृष्ठभाग झाकला की बदकांना उतरायला जागा राहत नाही. कमळपक्षी तिच्यावर चालतो, बाकीचे निघून जातात.

आणि इथूनच आम्ही पाणी पितो. लासलगाव-विंचूरसह सोळा गावांची पाणीपुरवठा योजना नांदूर मध्यमेश्वरवर आहे. नाशिकच्या घाटावर आरती झालेलं, बाजार झालेलं, मोऱ्यांमधून मिळालेलं, पानवेलीखालून आलेलं तेच पाणी गाळून, औषध घालून आमच्या नळाला येतं. लासलगावातून आमची स्वतःची शिवनदीही वाहते. तिच्या काठचा कचरा आम्ही उचलला पाहिजे, हेही मान्य. पण गोदावरीच्या बाबतीत आम्ही शहराच्या हातात आहोत. आमच्याही खाली जायकवाडी आहे, नांदूर मध्यमेश्वरातून सुटणाऱ्या पाण्याचे आकडे पैठणची माणसं रोज वर्तमानपत्रात शोधतात, आणि त्यांच्या नळालाही हेच पाणी आहे.

म्हणून २०२७ च्या तयारीत माझं म्हणणं अगदी साधं आहे. गंगाघाटावर पथ करा, दिवे लावा, भांडी बाजाराच्या कारागिरांना चांगली जागा द्या, बुधवारच्या बाजारातल्या बायांना सावली आणि स्वच्छतागृह द्या, त्यांना हटवू नका. निळ्या रेषेच्या आत जे ठेवाल ते उचलता येईल असं ठेवा. सतरा कुंडं मोकळी करा. खाण्याच्या प्रत्येक दुकानाला परवाना देताना त्याच्या मोरीचं पाणी कुठे जातं ते आधी विचारा. आणि या सगळ्याचं नियोजन करणाऱ्या बैठकांना सायखेडा, चांदोरी आणि नांदूर मध्यमेश्वरच्या ग्रामपंचायतींना बोलवा, सोळा गावांच्या पाणी योजनेच्या प्रतिनिधीला बोलवा. रामकुंडाच्या पाण्याचा नमुना तपासला जातो. तसाच सायखेड्याच्या पुलाखालचा नमुना दर महिन्याला तपासला जावा, आणि त्याचे आकडे घाटावर, दुतोंड्या मारुतीसमोरच्या फलकावर, सगळ्यांना वाचता येतील असे लिहिले जावेत. सिंहस्थाला येणारी लाखो माणसं तो फलक वाचतील. महापालिकेचे अधिकारीही रोज त्याच्यासमोरून जातील.